औशाच्या कॉलेजातलं चर्मपत्र

१

चौकट जागेवर होती. काच होती, काचेवर धुळीचा कण नव्हता. आत मात्र काहीच नव्हतं.

शिवकन्या हत्तरगेनं ग्रंथालयातलं ते लोखंडी कपाट बंद केलं, पुन्हा उघडलं, वेड्यासारखं तिसऱ्यांदाही उघडून पाहिलं. मग मटकन स्टुलावर बसली आणि लगेच उठली. हल्ली तिला कुठंच बसवत नव्हतं. मार्च लागला होता, मागच्या पावसाळ्यानं साफ हुलकावणी दिली होती आणि हवा इतकी कोरडी की बोलताना ओठ फुटायचे. त्यात आता हे निस्तरायचं होतं.

हे म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. औशाच्या त्या कॉलेजात शिवकन्या मध्ययुगीन युरोपचा इतिहास शिकवायची. युरोपातलं म्हणावं असं कॉलेजात एकच होतं, एक चर्मपत्र. सातशे वर्षांपूर्वी तिकडच्या कुठल्याशा ख्रिस्ती मठात एका संन्याशानं वासराच्या कमावलेल्या कातड्यावर लॅटिन स्तोत्र लिहिलं होतं. पहिलं अक्षर तळहाताएवढं, अस्सल सोन्याचं, भोवती निळी वेल. निजामाच्या राजवटीत बदलून आलेल्या एका शौकीन तालुकदारानं ते जाताना गावातल्या शाळेला देऊन टाकलं होतं, पुढं ते कॉलेजाकडं आलं. इथल्या पोरांनी रोमचं चर्च बघितलं नव्हतं, पॅरिसचं विद्यापीठ बघितलं नव्हतं, पण ते अक्षर बघितलं की वर्ग गप्प व्हायचा.

लातूर जिल्हा होऊन सात महिने झाले होते. नव्या जिल्ह्याचं पहिलं ग्रंथप्रदर्शन परवावर आलं होतं, उद्घाटनाला खुद्द कलेक्टर. चर्मपत्र न्यायला लातूरहून दुपारी चारला जीप यायची होती.

प्राचार्य शेषेरावांनी तासाभरात निकाल लावून टाकला. सगळा स्टाफ आणि सगळी पोरं पटांगणात उभी केली आणि शिपाई मलप्पाला पुढं ओढलं.

"कपाटाला रोशा गवताच्या तेलाचा वास येतोय. ह्याच्या गुडघ्याला रोज तेच तेल असतं. किल्ली ह्याच्याकडं. अजून काय पुरावा पाहिजे? चोर आहे हा चोर!"

मलप्पा अकरा वर्षं हंगामी राबून गेल्याच महिन्यात कायम झालेला माणूस. त्यानं सगळ्यांकडं बघितलं आणि शेवटी शिवकन्याकडं.

"मॅडम, तुमी तरी सांगा की. म्या काय करू त्या कातड्याचं?"

चारशे माणसं बघत होती. शिवकन्याच्या तोंडून शब्द फुटला नाही.

२

"सर, वास आला म्हणजे चोर ठरतो होय?" प्राचार्यांच्या खोलीत मात्र तिला वाचा फुटली. स्वतःचाच इतका राग आलेला होता की आवाज चढला.

"मॅडम, तुम्ही युरोप शिकवता का फौजदारी?" शेषेराव खवळले. "जीपबरोबर हवालदार येतोय. मला चारला एक नाव द्यायचंय. माझ्याकडं एकच आहे."

"चारपर्यंत दुसरं मिळालं तर?"

"तर आणा. पण कलेक्टरसाहेबांपुढं माझं नाक कापलं जाता कामा नये, एवढं बघा."

साडेअकरा झाले होते. शिवकन्यानं कपाटाची किल्ली उचलली आणि ती जवळजवळ पळतच ग्रंथालयात गेली.

ग्रंथालयात ग्रंथपाल गुरुबसप्पा एकटेच वहीत मान घालून बसले होते. जंगम घराण्यातला, साठीला टेकलेला, कमी बोलणारा माणूस. कॉलेजात सगळे त्यांना अण्णाच म्हणायचे. त्यांच्यावर कुणाचा संशय जाणं शक्यच नव्हतं, कारण अण्णा कातड्याला शिवत नसत. पायात कापडी बूट, घड्याळाला कापडी पट्टा. दहा वर्षांत त्यांनी त्या चौकटीला बोट लावलेलं नव्हतं. कपाट त्यांचं, दुसरी किल्लीही त्यांच्याकडं, पण चौकट हलवायची झाली की ते दुसऱ्याला हाक मारायचे.

"अण्णा, मी जरा चौकट बघते."

"बघा," ते वर न बघता म्हणाले.

तिनं चौकट खिडकीशी नेली आणि उलटी केली. मागचा पुठ्ठा नीट बसवलेला, बारीक खिळे परत ठोकलेले, वरून तपकिरी कागद चिकटवलेला. कागदाच्या कडेला खळीचा ताजा, पांढरा पापुद्रा होता. आता सांगा, चोराला एवढी सवड असते का? चोर काच फोडेल, चर्मपत्र ओढेल, पळेल. ह्या गृहस्थानं काच पुसली होती, खळ शिजवून कागद चिकटवला होता.

तिनं पुठ्ठा काढला. काचेच्या आतल्या कोपऱ्यात एक डाग राहून गेला होता, तेलकट आणि काळा. तिनं बोट फिरवलं, तर बोटावर काजळासारखं काही आलं. त्या काळ्यात काहीतरी चमकलं. तिनं बोट उन्हात धरलं.

बोटावर सोन्याचा कण होता. कुणीतरी ते अक्षर घासलं होतं.

३

मलप्पाला खेळाच्या सामानाच्या खोलीत बसवून बाहेरून कडी घातलेली. फाटकाशी त्याची बायको नागम्मा रणरणत्या उन्हात उभी होती, सावलीत ये म्हटलं तरी येईना. शिवकन्यानं कडी काढली.

"मलप्पा, खरं सांगायचं. कपाटात हात घातलावता का?"

"न्हाई बगा. भाईरनं फडकं मारतो फकस्त. आत हात घालायची मुभाच न्हाई मला."

"आणि तेल?"

त्यानं खिशातून बोटभर बाटली काढली. "हे. गुडघ्याला लई बेस हाय. अण्णांनी दिलंय, त्येंच्या मठातलं. मी कवा इकत घेतलंच न्हाई."

शिवकन्यानं बूच काढून हुंगलं. तोच वास. मग तिनं दोन थेंब हातरुमालावर ओतले. पिवळसर, नितळ तेल, काळं काही नाही. तिनं मलप्पाची नखं बघितली, बोटं बघितली, बाह्या बघितल्या. चुन्याचे डाग होते, काजळाचा मागमूस नव्हता.

"मॅडम, हे काय करायलाव तुमी?" मलप्पा कावराबावरा झाला.

"थांबा हो जरा!"

तेल तेच, पण चौकटीतल्या तेलात काजळ होतं. काजळ आणि रंग म्हटल्यावर तिला एकच माणूस आठवला. चित्रकलेचे सिद्धराम सर महिनाभर त्या चर्मपत्रापुढं ठाण मांडून बसायचे, दुपारचं जेवणसुद्धा विसरायचे. एकदा तर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "हे अक्षर माझ्या घरी असतं तर मी झोपलोच नसतो."

ती तशीच चित्रशाळेकडं निघाली. दार लोटलं. सिद्धराम सर खोलीत नव्हते, पण त्यांच्या टेबलावर, तिरप्या फळीला टाचण्या लावून, ते सोन्याचं अक्षर होतं.

४

"हात नका लावू! ओलं आहे!" मागून सिद्धराम ओरडले.

शिवकन्या खाली वाकली. फसवणूक फार टिकली नाही. हा कागद होता, चांगला जाडजूड, पण कागदच. मूळ चर्मपत्राच्या कडेला बारीक भोकांची ओळ होती. ते संन्यासी आधी टोच्यानं भोकं पाडत आणि त्यांच्या आधारानं रेघा आखत. चुकलं तर चाकूनं अक्षर खरवडत. इथं भोकं पेन्सिलीच्या ठिपक्यांनी दाखवली होती आणि सोनं म्हणजे पितळी भुकटी होती.

"नक्कल करतोय," सिद्धराम ओशाळून म्हणाले. "त्यात काय गुन्हा? प्रदर्शनात अस्सलाशेजारी लावणार होतो. आता अस्सलच नाही."

"काजळ वापरता तुम्ही?"

"काजळ? मॅडम, मी काय बाळाला तीट लावतोय? डबीतला काळा रंग असतो माझा. तेल म्हणाल तर जवसाचं. आणि तेल त्या चर्मपत्राच्या जवळपाससुद्धा नेऊ नये. ते रंग डिंकावर आणि अंड्याच्या बलकावर बसवलेले. नुसतं घासलं तरी निघतील."

हे तिला माहीत होतं. वर्गात ती हेच सांगायची, की सोन्याचा वर्ख बसवायला लेखक आधी चुन्याच्या तांबूस लेपावर तोंडाची वाफ सोडायचा, लेप ओलसर झाला की वर्ख टेकवायचा. केवळ श्वासाच्या ओलाव्यावर चिकटलेलं सोनं ते.

"तुम्ही शेवटचं कधी बघितलं?"

"शनिवारी. तेव्हाच म्हटलं, ह्याचं काही खरं नाही. ही कोरडी हवा बाधली त्याला. कडा वळल्या होत्या, काचेला आतून टेकल्या होत्या. दोन अक्षरांचे टवके उडालेले. मी लगेच अण्णांच्या कानावर घातलं."

शिवकन्या थबकली. "अण्णा काय म्हणाले?"

"काय म्हणणार? एवढंच विचारलं, 'मरंल का हो ही पोथी?' मी म्हटलं, उन्हाळाभर असंच राहिलं तर मरेल."

५

पावणेतीनला शिवकन्या पटांगणातल्या लिंबाखाली येरझाऱ्या घालत होती. पोरं खिडकीतून बघत होती, बघू देत.

लिहिलेल्या अक्षराला तेल आणि काजळ कोण चोळतं? चित्रकार चोळत नाही. चोर तर मुळीच नाही. तिच्या आजोळी, निलंग्याकडच्या मठात, ताडपत्राच्या पोथ्या होत्या. ताडपत्रावर शाई चालत नाही, लोखंडी सुईनं अक्षर कोरतात. कोरलेलं अक्षर दिसतच नाही. मग तेलात काजळ कालवायचं, बोळ्यानं साऱ्या पानावर चोळायचं आणि पुसून घ्यायचं. काजळ खाचांत बसतं, अक्षर उठून येतं, तेलानं पान मऊ राहतं, कीड लागत नाही. दर दोनेक वर्षांनी मठातले जाणते लोक हे करतात. पिढ्यान्पिढ्या त्यांनी पोथ्या अशाच जगवल्या.

हे चोरीचं काम नव्हतंच. कुणीतरी औषध केलं होतं, आणि औषधानंच रोगी गेला होता.

ज्याला खळ शिजवता येते, ज्याच्या घरी मठाचं तेल असतं, ज्याला शनिवारी कळलं की पोथी मरतेय. आणि ज्याच्यावर कुणी संशय घेणार नाही, कारण तो कातड्याला शिवत नाही.

ती ग्रंथालयात शिरली. गुरुबसप्पांची वही सकाळच्याच पानावर उघडी होती.

"अण्णा," ती म्हणाली. "तुम्ही शिवलात त्याला."

अण्णांनी लेखणी ठेवली. टेबलाच्या खणातून लाल खारव्याच्या कापडाचं बासन काढलं, गाठ सोडली. दोन लाकडी फळ्यांच्या मध्ये, त्यांच्या मठातल्या पोथीसारखंच बांधलेलं, चर्मपत्र होतं. तेलानं अर्धपारदर्शक झालेलं, वर काळपट ढग पसरलेले. निळी वेल पार फिसकटली होती. सोन्याच्या अक्षराच्या जागी खालचा तांबूस लेप तेवढा उरला होता.

शिवकन्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते लपवलं नाही.

"दहा वर्सं हात लावला न्हाई म्या," अण्णा म्हणाले. "कातडं म्हून. पर अक्षर मरतंय म्हणल्यावर नेम कसला धरायचा? काल सांच्याला सगळे गेल्यावर बोळा घेतला. पयल्याच फेरीत वेल निघाली. दुसऱ्या फेरीत सोनं बोळ्यात. तवा हात थांबला."

"मग सकाळी का नाही बोललात? मलप्पाला चोर म्हणाले, तुमच्याच तेलापायी! अण्णा, तुम्ही तिथंच उभे होता!" तिला त्यांचा संताप आला, दयाही आली.

"पाच डाव उठलो, पाच डाव बसलो. जीब उचलंना. चारच्या आत सांगणार व्हतो, शरणार्थ करून सांगतो." त्यांनी हात जोडले. मग हळूच म्हणाले, "पर मॅडम, म्या इचारलं व्हतं. न इचारता केलं न्हाई."

"कुणाला विचारलंत?"

"तुमास्नी."

६

दिवाळीच्या सुट्टीचा आदला दिवस. लातूरची बस फाटकाशी हॉर्न देत उभी, शिवकन्याच्या हातात पिशवी, अण्णा मागून चालत आलेले. 'मॅडम, ह्या तुमच्या पोथीला जपायचं कसं? कातड्याची रीत मला ठाव न्हाई.' आणि तिनं बसच्या पायरीवरून हसत सांगितलं होतं, 'तुमच्या मठातल्या पोथ्या जपता तसंच जपा, अण्णा. तीही मठातलीच आहे.'

वाक्य तिला स्वतःलाच आवडलं होतं. बसमध्ये बसल्यावर ती ते विसरून गेली. अण्णांनी मात्र ते मनात धरून ठेवलं होतं.

साडेतीनला दोघं प्राचार्यांपुढं उभे राहिले. शिवकन्यानं बासन टेबलावर ठेवलं आणि अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं, स्वतःचं बसच्या पायरीवरचं वाक्यही गाळलं नाही.

शेषेरावांनी कपाळावर हात मारला. मग ते उठले, दार लावून घेतलं. "हे बघा, झालं ते झालं. अण्णा मठाचे, मठाची माणसं आपल्या संस्थेच्या मंडळावर. चर्मपत्र जीर्ण झालं होतं, पाठवता येत नाही, असं कळवू. मलप्पाला सोडून देतो. विषय संपला."

मलप्पाला आत बोलावलं.

"जा रे घरी. उद्यापासून कामावर ये. गैरसमज झाला होता."

मलप्पा जागचा हलला नाही. "साहेब, सकाळी चारशे माणसांम्होरं म्हणलाव. आता हितं बंद खोलीत सोडायलाव?"

"मग काय, मिरवणूक काढू का तुझी?"

बाहेर जीपचा आवाज आला. शिवकन्यानं दार उघडलं आणि ती सरळ पायऱ्या उतरून पटांगणात गेली. हवालदार जीपमधून उतरत होता, वर्ग सुटून पोरं बाहेर येत होती.

"चोर कुठाय?" हवालदारानं विचारलं.

"चोर नाही," शिवकन्या म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "चोरी झालीच नाही. एक मौल्यवान वस्तू वाया गेली, माझ्या बेफिकिरीनं आणि अण्णांच्या हातून. मलप्पाचा ह्यात काही संबंध नव्हता. हे मी सकाळीच म्हणायला हवं होतं, मी घाबरले."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. अण्णा पायरीवर येऊन उभे राहिले आणि त्यांनी नुसती मान डोलावली. हवालदार वैतागून परत जीपमध्ये बसला. झालं, असं शिवकन्याला वाटलं.

तेवढ्यात फाटकाशी उभी असलेली नागम्मा पुढं आली.

"बाई, हितं बोलून मला काय उपेग?"

"म्हणजे?"

"आमच्या गल्लीत धा वाजताच कळलंय. मी टँकरच्या रांगंत व्हते, माझा चौथा नंबर. बाया म्हणल्या, चोराच्या घरची, हो बाजूला. घागर उचलून कडंला ठिवली माजी. घरात थेंब न्हाई सकाळधरनं." तिचा आवाज चढला नव्हता. "तितं येऊन सांगा. चला."

शिवकन्यानं प्राचार्यांच्या खोलीकडं बघितलंही नाही. ती निघाली. पुढं नागम्मा, मागं मलप्पा लंगडत, आणि बऱ्याच अंतरानं कापडी बूट घासत अण्णा. बाजार ओलांडला, किल्ल्याकडचा रस्ता सोडून ते गल्लीत शिरले. दुपारचा टँकर नुकताच लागला होता आणि पाइपाभोवती झुंबड उडाली होती. बायकांनी नागम्माला बघितलं, मलप्पाला बघितलं आणि कलकलाट थांबला.

चार वर्षं ती वर्गात रोज तासन्तास बोलत आली होती, पण अशा रांगेपुढं कधी उभी राहिली नव्हती.

"मी कॉलेजातली बाई," ती म्हणाली. "मलप्पानं चोरी केलेली नाही. कुणीच केलेली नाही. चूक माझी होती आणि नाव त्याचं गेलं."

"आनी माजी बी," मागून अण्णा म्हणाले. "बोळा म्या फिरवला."

पाइपातलं पाणी एका भरलेल्या घागरीतून ओसंडून मातीत जात होतं आणि कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं. मग रांगेतल्या चौथ्या बाईनं आपली घागर एक हात मागं ओढली. भिंतीकडंला नागम्माची घागर पालथी पडली होती. त्या बाईनं ती आणली, पदरानं तिचं तोंड पुसलं आणि रिकाम्या जागी ठेवली.

"ये गं," ती नागम्माला म्हणाली. "नंबर तुजाच हाय."